शिवनेच्या वाळूतले शिंपले : नदीचा एक राहून गेलेला इतिहास

या भागात ना राजा आहे, ना किल्ला, ना लढाई. अंतूरचा किल्ला आणि पितळखोऱ्याची लेणी यांवर बोलायला मला कायम आवडतं, पण आज आपण डोंगर उतरून खाली नदीत जाणार आहोत. शिवना नदीत. आणि नदीतही पाण्याखाली, वाळूत अर्धवट रुतून बसलेल्या एका प्राण्याकडे. शिंपला!

शिंपला म्हटलं की आपल्याला समुद्र आठवतो, नाहीतर मोती. स्वाती नक्षत्राचा थेंब शिंपल्यात पडला की त्याचा मोती होतो, ही गोष्ट आपण सगळ्यांनीच ऐकली आहे. पण समुद्रापासून इतक्या लांब असलेल्या कन्नड तालुक्यातल्या नदीतही शिंपले असतात. उन्हाळ्यात डोह आटला की काठावर काळपट-तपकिरी, बोटभर लांबीची, आतून चांदीसारखी चमकणारी टरफलं पडलेली असतात. लहानपणी आम्ही ती खिशात भरायचो. गावाकडच्या म्हाताऱ्या बायका अशा टरफलाच्या पाठीला दगडावर घासून भोक पाडायच्या आणि त्या धारेने कैरीची साल काढायच्या. त्या टरफलाच्या आत कोण राहायचं, हे मात्र आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही.

आधी हा प्राणी कसा जगतो ते बघू. इतिहास त्याशिवाय कळणार नाही.

शिंपला हा दोन झाकणांचा मऊ प्राणी. पाय एकच, तोही जिभेसारखा. तो वाळूत खुपसून शिंपला उभा राहतो, मागचं टोक थोडं उघडं ठेवतो, एका बाजूने पाणी आत ओढतो आणि दुसऱ्या बाजूने सोडतो. मधल्या वाटेत त्यातलं शेवाळ, जिवाणू आणि कुजलेले बारीक कण गाळून खातो. असे हजारो शिंपले एखाद्या डोहात असतील, तर तो डोह चोवीस तास गाळला जातोय असं समजा. वीज नाही, मेन्टेनन्स नाही.

त्यांचं पिलू वाढवायचं तंत्र मात्र फारच वेगळं. मादीच्या कल्ल्यांतच अंड्यांचे डिंभ होतात. त्या डिंभाला ग्लोकिडियम म्हणतात. मादी ते पाण्यात सोडते आणि त्या सूक्ष्म पिलाला थोड्याच वेळात एखादा मासा गाठावा लागतो. माशाच्या कल्ल्याला किंवा पराला ते चिमटा काढल्यासारखं चिकटतं, काही दिवस किंवा काही आठवडे तिथेच राहतं, आणि मग सुटून तळाशी पडतं. पुढची एक-दोन वर्षं ते वाळूच्या कणांमध्ये दडून काढतं. मासा मिळाला नाही तर मरण. मासा मिळाला पण खाली स्वच्छ वाळूऐवजी गाळ असला, तरी मरणच, कारण गाळात प्राणवायू पोचत नाही.

म्हणजे शिंपल्याला जगायला काय लागतं? बारमाही ओल टिकणारा डोह, खेळतं पाणी, मोकळी वाळू, पाण्यात थोडा चुना, आणि नदीत वर-खाली फिरणारा मासा. ही यादी लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट या पाच वस्तूंचीच आहे.

आता मागे जाऊ. बरंच मागे.

कन्नडचा घाट उतरला की खाली चाळीसगाव तालुक्यात पाटणे गाव आहे. पाटणादेवी माहीत असेलच. तिथे १९७२-७३ मध्ये पुरातत्त्व खात्याचे एस. ए. साळी यांनी उत्खनन केलं आणि शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे मिळाले. त्यातल्या एकावर रेघांची नक्षी कोरलेली होती. काळ साधारण २५ हजार वर्षांपूर्वीचा. बरोबर ऐकलंत, आपल्या या डोंगरांच्या पायथ्याशी तेव्हा शहामृग फिरत होते! शहामृग म्हणजे मोकळं माळरान, म्हणजे आजच्यापेक्षा वेगळं हवामान.

त्या काळातल्या नद्या कशा होत्या हे कळायला जे पुरावे उपयोगी पडतात, त्यांत आपला शिंपला आहे. गोदावरी, प्रवरा, भीमा या दख्खनच्या नद्यांच्या काठाला जुन्या गाळाचे उंच थर दिसतात. त्या थरांत गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांची टरफलं सापडतात. टरफल चुन्याचं, चुन्यात कार्बन, त्यामुळे कार्बन पद्धतीने त्याचं वय काढता येतं. लाकूड कुजून जातं, पान उरत नाही, पण शिंपला मातीत हजारो वर्षं टिकतो. शिवाय झाडाच्या खोडासारखी त्याच्या पाठीवर वाढीची वलयं असतात. ज्या थरात शिंपला आहे, त्या थराच्या काळात तिथे पाणी होतं, हे तर लगेच कळतं.

त्यानंतर शेतकरी आले. दख्खनच्या ताम्रपाषाणयुगातल्या वसाहतींच्या खोदकामात हाडं, जळके धान्याचे दाणे, खापरं यांच्या जोडीला नदीतल्या शिंपल्यांचे तुकडेही मिळतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अशा टरफलांचा अभ्यास ही एक वेगळी शाखाच झाली आहे आणि आरती देशपांडे-मुखर्जी यांचं त्यात मोठं काम आहे. शिंपला तेव्हा खाल्ला जायचा, त्याचे दागिने व्हायचे, हत्यारासारखाही तो वापरला जायचा. घोड नदीवरच्या इनामगावला १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन चाललं. तिथल्या वस्तीच्या शेवटच्या काळात, म्हणजे इ. स. पूर्व १००० नंतर, पाऊस कमी झाला, शेती अवघड झाली आणि लोक शिकार नि गोळा करून खाण्याकडे जास्त वळले, असं म. के. ढवळीकरांनी मांडलं. दुष्काळात माणूस नदीकडे आणि रानाकडे परत जातो, ही आपल्या मराठवाड्याला नवीन गोष्ट नाही.

आता एकदम १८१९ सालावर येऊ. हे साल अजिंठ्यामुळे तुम्हाला पाठ असेल. जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला त्या वर्षी अजिंठ्याची लेणी दिसली. त्याच वर्षी तिकडे फ्रान्समध्ये, दृष्टी जवळपास गेलेला म्हातारा लामार्क प्राण्यांची मोठी यादी तयार करत होता. त्या यादीत त्याने आपल्याकडच्या सगळ्यात सर्रास दिसणाऱ्या शिंपल्याला नाव दिलं. आज ते लॅमेलिडेन्स मार्जिनालिस असं म्हटलं जातं. गुळगुळीत, लांबट, मोठा. दुसरा एक छोटा, गोलसर, पाठीवर सुरकुत्या असलेला, त्याला डेन्मार्कच्या म्यूलरने त्याआधीच, १७७४ मध्ये नाव दिलं होतं. तो पॅरेसिया कोरुगाटा. म्हणजे आमच्या कन्नड घाटाला ज्याचं नाव आहे तो जेम्स औट्रम १८२५ मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभी करत होता, तेव्हा हिंदुस्थानातल्या शिंपल्यांची नावं युरोपच्या कपाटांत जाऊन बसलेली होती.

पुढे १९१५ मध्ये प्रेस्टनने ब्रिटिश हिंदुस्थानातल्या गोड्या पाण्यातल्या मृदुकाय प्राण्यांवर ग्रंथ लिहिला. १९१६ मध्ये झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया स्थापन झाली. तिचे पहिले प्रमुख अ‍ॅनन्डेल आणि नंतर संचालक झालेले बेनी प्रसाद, दोघांनीही शिंपल्यांवर काम केलं. १९८९ मध्ये सुब्बा राव यांचं हँडबुक आलं, आणि आजही शिंपला ओळखायचा तर ते उघडावं लागतं.

या नावांमध्ये दोन नावं आपल्या जवळची आहेत. एक, आर्सिडॉप्सिस फूटेई. हा शिंपला १८७६ मध्ये नोंदवला गेला, बेळगावकडच्या घटप्रभा नदीतून, गोकाकच्या धबधब्याजवळचा. नाव रॉबर्ट ब्रूस फूट यांच्यावरून. हेच ते फूट, ज्यांनी १८६३ मध्ये पल्लावरमला अश्मयुगीन हत्यार शोधलं आणि भारताच्या प्रागैतिहासाचा अभ्यास सुरू केला. दुसरं नाव, पॅरेसिया खडकवासलाएन्सिस. १९६६ मध्ये पुण्याच्या खडकवासला तलावातून नोंदवलेला. गंमत बघा, खडकवासला धरण एकोणिसाव्या शतकातलं आणि शिंपल्याची जात घडायला लागतात लाखो वर्षं. तो जीव मुठा नदीचा. पण माणसाने त्याला पाहिलं तेव्हा नदीचा तलाव झालेला होता, म्हणून नावही तलावाचं पडलं.

आता धोक्यात असलेल्या शिंपल्यांकडे येऊ. कन्नड म्हटलं की बाहेरच्या लोकांना आधी भाषा आठवते, मग आपलं गाव. तर भाषावाल्या कन्नडच्या मुलुखात, कर्नाटकातल्या नद्यांत, एक शिंपला आहे, स्यूडोमुलेरिया डाल्यी. १८९८ मध्ये नोंदवलेला. तो वाळूत न रुतता खडकाला कालवासारखा कायमचा चिकटतो. जगात दुसरीकडे कुठेही तो नाही, आणि आययूसीएनच्या लाल यादीत तो 'संकटग्रस्त' आहे. जो खडकाला चिकटला त्याला पाणी गेलं म्हणून उठून जाता येत नाही.

आपल्या लॅमेलिडेन्सचं त्याच यादीत काय आहे? 'चिंता नाही' असा शिक्का. कारण तो सगळ्या भारतात आहे. आणि मला आज नेमकं इथेच थांबायचंय. लाल यादी जातीची असते, नदीची नसते. उद्या शिवनेतला शेवटचा शिंपला मेला, तरी यादीत एक अक्षर बदलणार नाही, कारण तो बंगालमध्ये आहे, ओडिशात आहे. आपल्या नदीच्या हिशोबात मात्र तो संपलेला असेल.

आता ती पाच वस्तूंची यादी काढा. गेल्या साठ वर्षांत आपल्या नद्यांचं काय झालं ते तिच्यावर टिक करत जाऊ.

डोह. १९७२ चा दुष्काळ आजी-आजोबांकडून ऐकला असेल. दुष्काळ शिंपल्याला नवीन नाही. पाणी आटलं की तो चिखलात खोल जातो, झाकणं घट्ट मिटतो आणि ओल आहे तोवर तग धरतो. पण त्यासाठी खाली ओल लागते. विहिरी, मग बोअर, मग नदीच्या पात्रात थेट टाकलेल्या मोटारी. डोहाचं पाणी वरून उन्हाने जातं आणि खालून आपण ओढतो. २०१२-१३ आणि २०१५-१६ च्या दुष्काळांत मिटून बसायला ओला चिखल किती ठिकाणी उरला असेल, याचा विचार करा.

वाळू. रात्रीचे ट्रॅक्टर आणि हायवा मी सांगायला नकोत. वाळूच्या एका खेपेत शिंपल्यांची पिढीच्या पिढी जाते, कारण पिलं डोळ्यांना दिसतच नाहीत, ती वाळूच्या कणांत असतात. आणि वाळू उपसल्यावर उरतो तो उघडा मुरूम, खडक, नाहीतर गाळ.

खेळतं पाणी. कोल्हापुरी बंधारे, मध्यम प्रकल्प, छोटी-मोठी धरणं यांमुळे शेतीला पाणी मिळालं, हे खरंच आहे. माझ्या घरच्या ऊस-कापसालाही त्याचा फायदा झाला आहे. पण अडलेल्या पाण्यात गाळ बसतो. गुळगुळीत लॅमेलिडेन्स गाळ थोडा सहन करतो, तळ्यातही राहतो. पॅरेसियाच्या कुळातल्या बऱ्याच जातींना वाहतं पाणी आणि वाळू-गोटे लागतात. म्हणून बंधाऱ्यात शिंपले दिसले की "नदी ठणठणीत आहे" असं लगेच म्हणता येत नाही. कुठला शिंपला दिसतोय ते बघायला लागतं.

मासा. पावसाळ्याच्या पहिल्या पाण्याला मासे वर चढतात, आमच्याकडे पोरं ते पकडायला धावतात. बंधाऱ्याच्या फळ्या वेळेत काढल्या नाहीत तर मासा खालीच अडकतो, आणि त्याच्या कल्ल्याला चिकटून वर जाणारं शिंपल्याचं पिलूही. पाय एकच आणि तोही रुतलेला, अशा प्राण्याला नदी चढून जायला दुसरी एसटी नाही.

राहिला चुना. तो आपल्या बेसाल्टच्या मुलुखात पाण्यातून मिळतो. पाचपैकी एवढी एकच वस्तू अजून जागेवर आहे.

त्यात भर पडली खोलीकरणाची. २०१४ च्या शेवटी जलयुक्त शिवार आलं आणि गावोगावी नाले-नद्यांत पोकलेन उतरले. पाणी साठलं, फोटो आले, लोक खूश झाले. ज्या गावांनी टँकरवर दिवस काढले, त्यांच्या आनंदाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण पोकलेन पात्राच्या या काठापासून त्या काठापर्यंत सरळ खोदतो तेव्हा डोह, वाळूचा पट्टा, काठची झाडी यांतला फरक त्याला कळत नाही. नदीचा कालवा होतो. आणि ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस कन्नड-चाळीसगावच्या डोंगरात पाऊस कोसळला, घाटात दरडी आल्या, तसा पाऊस अशा सरळ पात्रात उतरला की अडवायला वळण नसतं आणि तळाला धरून ठेवायला काही नसतं.

हे सगळं जगात आधी झालेलं आहे, आणि त्याची गोष्ट शर्टाच्या बटणातून सुरू होते. अमेरिकेत मिसिसिपी नदीकाठी मस्कॅटीन नावाचं गाव आहे. १८९१ मध्ये योहान बोपल हा जर्मन कारागीर तिथे आला आणि नदीतल्या शिंपल्यांची बटणं बनवायला लागला. १९०५ पर्यंत हे एक गाव वर्षाला सुमारे १५० कोटी बटणं काढत होतं! नदीच्या नदी उपसल्या गेल्या. शिंपले संपायला लागले तेव्हा सरकारने १९०८ मध्ये जवळच फेअरपोर्टला संशोधन केंद्राला मंजुरी दिली. तिथे माशांच्या कल्ल्यांना शिंपल्यांची पिलं चिकटवून ते मासे नदीत सोडायचं तंत्र बसवलं. विज्ञान जमलं, पण नदी बिघडतच गेली. धरणं झाली, कारखान्यांचं पाणी आलं, आणि सोडलेली पिलं जगायला जागाच राहिली नाही. बोपल स्वतः १९१२ मध्ये गेला, नदीत शिंपल्यावर पाय कापून जखम चिघळल्यामुळे. २०२३ मध्ये अमेरिकेने २१ जाती अधिकृतपणे नामशेष म्हणून जाहीर केल्या. त्यांत ८ शिंपले होते.

आपल्याकडेही बिहारमध्ये मेहसीला शिंपल्याच्या बटणांचा धंदा विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून आहे. आणि आता नवीन काय, तर मोत्यांची शेती. युट्यूबवर तुम्ही पाहिलंच असेल, "घरच्या घरी लाखो कमवा". तंत्र खरं आहे. भुवनेश्वरजवळच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने १९८७ पासून ते विकसित केलं, आणि त्यात वापरले जाणारे मुख्य शिंपले आपलेच, लॅमेलिडेन्सच्या दोन जाती आणि पॅरेसिया कोरुगाटा. पण व्हिडिओत एक प्रश्न सहसा नसतो : हजारो शिंपले आणायचे कुठून? बहुतेक वेळा उत्तर असतं, नदी-तळ्यातून वेचून. शेती म्हणायची तर बियाणं घरचं हवं. बियाणं जंगलातून आणि पीक आपलं, याला शेती म्हणत नाहीत.

युरोपातली एक गोष्ट मला यात सगळ्यात जास्त टोचते. तिथला मोती देणारा नदीतला शिंपला शंभर वर्षांहून जास्त जगतो. कित्येक नद्यांत तो आजही आहे, खाली हात घातला तर लागतो. पण सगळे म्हातारे. पिलं नाहीत. लांबून बघणाऱ्याला वाटतं सगळं नीट आहे. आपल्याकडची काही गावं आठवा. पोरं पुण्याला, वाळूजला गेली, पारावर फक्त म्हातारी माणसं, शाळेचा वर्ग रिकामा. गाव आहे की नाही? आहे. अजून वीस वर्षांनी? शिंपल्याच्या बाबतीत धोका ओळखायची खूण हीच. मोठी टरफलं आहेत का, यापेक्षा नखाएवढी लहान दिसतात का, हे बघायचं.

मग करायचं काय? मी सरकारला सल्ला देणार नाही, तुमच्या-माझ्या हातातलं सांगतो.

पहिलं, फोन काढा. नदीवर गेलात तर मेलेली टरफलं वाळूवर मांडा, शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवा, आतून-बाहेरून फोटो घ्या आणि आयनॅचरलिस्टवर किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर जागेसकट टाका. जिवंत शिंपला उचलला तर जिथून घेतला तिथेच, तसाच परत रोवा. आपल्या तालुक्यातली अशी प्रत्येक नोंद मोलाची आहे.

दुसरं, ग्रामपंचायतीत जा. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक गावाला जैवविविधता समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही लागते. ती बघायला मागा. त्यात वाघ-बिबट्याचं नाव असेल. शिंपला, झिंगा, खेकडा यांची पानं आहेत का बघा. नसतील तर गावातल्या मासे धरणाऱ्या माणसाला शेजारी बसवून लिहून काढा. त्याच्याइतकी नदी कुणालाच माहीत नसते, भिल्ल आणि भोई समाजाच्या जुन्या लोकांना तर डोहांची नावंसुद्धा पाठ असतात.

तिसरं, गावात खोलीकरणाचा ठराव आला तर विरोधाला विरोध करू नका. एवढंच मागा, की गाळ तलावातला काढा, नदीतले डोह आणि वाळूचा काही पट्टा सोडा, एका वर्षी एकच भाग घ्या, आणि बंधाऱ्याच्या फळ्या पहिल्या पावसाआधी निघू द्या. यात शेतकऱ्याचं पाणी कमी होत नाही.

२५ हजार वर्षांपूर्वी शहामृग होते, ते गेले. त्यांच्या वेळच्या नद्यांतले शिंपले अजून आहेत. हवामान बदललं, वस्त्या उठल्या, राज्यं आली-गेली, तरी त्यांना वाळू, पाणी आणि मासा मिळत राहिला. त्या तीन गोष्टींचा पुरवठा आता आपल्या ग्रामसभेच्या ठरावावर, आपल्या मोटारीच्या बटणावर आणि रात्रीच्या ट्रॅक्टरवर आला आहे.

पुढच्या भागात आपण घाट चढून परत डोंगरात जाऊ. तोपर्यंत तुमच्या गावच्या डोहाचं नाव काय, आणि त्यात शेवटचा शिंपला तुम्ही कधी पाहिलात, ते मला कळवा. नावं मी वहीत लिहून ठेवणार आहे. येतो मग, भेटू!